आमची बैठक

26 वर्षं सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाला बसण्याबद्दल कोणी काही शिकवू नये, असं मला परवापर्यंत वाटत होतं. टेबलाशी बसणं, साहेबांच्या केबिनबाहेर बसणं, नस्तीवर बसणं, प्रसंगी एखाद्याच्या बढतीवर बसणं, सगळे प्रकार मी निष्ठेने केले आहेत. पण लेकीकडे एडिसनला महिनाभर राहून नेवार्कहून मुंबईला थेट विमानाने आलो आणि कळलं, की आपण आजवर नुसतेच हौशी कलाकार होतो.

अंतर सुमारे 12,500 किलोमीटर, वेळ 15 तासांच्या आसपास. माझी जागा मधल्या चार खुर्च्यांपैकी आतली. खुर्चीची रुंदी 17 इंच. एका रांगेपासून दुसरीपर्यंत 31 इंच, आणि तेवढ्यात माझे गुडघे, माझं पोट आणि पुढच्या गृहस्थांची मागे रेलण्याची हौस असं तिघांना नांदायचं होतं. ऑफिसातली खुर्ची मी परत आल्यावर टेपने मोजली. 22 इंच! शिवाय तिच्या पाठीवर पांढरा टॉवेल आहे. विमानात त्या जागी कागदी रुमाल चिकटवलेला होता. आपली श्रेणी काय, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

श्रेणीचं म्हणाल तर शासनाने वर्ग एक ते चार ही नावं बदलून गट अ, ब, क, ड केली, कुणाला कमीपणा वाटू नये म्हणून. विमानवाल्यांना असली भीड नाही. ते सरळ मध्ये पडदा ओढतात. तो ओढण्याआधी आम्हा सर्वांना गट अ मधूनच चालवत मागे नेलं. तिथे लोक आडवे होण्याच्या तयारीत होते. एकाने तर आमच्याकडे, दुष्काळी दौऱ्यावर आलेला मंत्री पाहतो तसं पाहिलं.

जेवणाची कथा वेगळीच. सौभाग्यवतींना नेमकी संकष्टी होती. विमानात चंद्रोदय कुठला धरायचा, एडिसनचा की पुण्याचा, यावर आमचं अटलांटिकपर्यंत एकमत झालं नव्हतं. मी मात्र निर्धास्त होतो, कारण तिकीट काढताना आठवणीने 'हिंदू मील' नोंदवलं होतं. झाकण उघडलं तर आत कोंबडी! हवाई सुंदरीने शांतपणे सांगितलं, की हिंदू मील म्हणजे गोमांस नसलेलं जेवण. शाकाहारी हवं असेल तर 'एशियन व्हेज' म्हणायचं असतं. घरी आल्यावर पाहिलं, तर तिचं खरं होतं. आमच्या शेजारच्या शहाभाईंनी 'जैन' सांगितलं होतं. त्यांचं ताट सगळ्यांच्या आधी आलं, आणि आमच्या गाड्या दिसायच्या आत ते जेवून, हात पुसून घोरायला लागले. पुढच्या वेळी जैन, अशी मी मनात नोंद घेतली. सौभाग्यवतींनी लेकीने दिलेला शेंगदाण्याचा लाडू काढला आणि दीड तास माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या प्रवासातला तेवढाच काय तो निवांत वेळ.

विमानाच्या आतला हवेचा दाब 6,000 ते 8,000 फूट उंचीवर असतो तसा ठेवतात. आपली कळसूबाई 5,400 फूट. म्हणजे 15 तास मी राज्याच्या सर्वोच्च शिखराच्याही वर बसून होतो, आणि तिथे पिठलं-भाकरी विकणारी एकही मावशी नव्हती. हवा इतकी कोरडी, की ओठांचे पापड झाले आणि बोटांची सालं निघायला लागली. या बोटांचा उल्लेख पुढे येणार आहे.

रविवारी रात्री मुंबई, चार बॅगा, 92 किलो बदाम आणि चॉकलेटं (थोडे कपडेही होते), एक्स्प्रेस वेवर घाटात तुंबलेले ट्रक आणि पहाटे चारला पुणे. पावणेदहाला मी ऑफिसच्या दारात हजर. यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. नऊ वेळा केला. कळसूबाईच्या वरच्या हवेने माझा अंगठाच पुसून टाकला होता. आस्थापना शाखेने सांगितलं, की जागेवर असलात तरी नोंदीनुसार तुम्ही गैरहजर आहात. तासाभराने मला ते पटायला लागलं.

कारण शरीर पुण्यात होतं, घड्याळ एडिसनमध्ये. साडेनऊ तासांचा फरक. एका तासाला साधारण एक दिवस या हिशेबाने शरीर साडेनऊ दिवस मागतं. पूर्वेकडे येताना तर जास्तच कुरकुरतं. शासन किरकोळ रजा देतं वर्षाला 8. शरीरातलं हे घड्याळ कसं चालतं, हे शोधणाऱ्या तीन अमेरिकनांना 2017 साली नोबेल मिळालं. पण त्यांच्यापैकी कोणी आमच्या रजा मंजुरीच्या शाखेत आल्याचं ऐकिवात नाही. खरं तर या बाबतीत मुंबईकरांचं कौतुक करायला हवं. 1906 साली इंग्रजांनी देशभर एक वेळ लागू केली, तर अवघ्या 39 मिनिटांच्या फरकासाठी मुंबईने कटकट केली आणि नगरपालिकेने 'मुंबई टाइम' थेट 1955 पर्यंत चालवला. मी साडेनऊ तासांसाठी साधा अर्जही केला नाही.

अकराच्या सुमारास मी नस्ती उघडली. तेवढं आठवतं. नंतर कळलं, की साडेतीनपर्यंत मी खुर्चीत ताठ बसून झोपलो होतो, मान न टाकता, हात आखडून, कोपरं पोटाशी घेऊन. 22 इंचांच्या खुर्चीत मोजून 17 इंचांत. दरम्यान दोन अभ्यागत भेटून गेले, आणि कामाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. साहेबही डोकावून गेले. म्हणाले, महिनाभर रजेवर होते पण बघा, आल्या आल्या कसे कामात बुडालेत.

चार वाजता शिपाई टेबलाशी येऊन उभा राहिला, हातात ट्रे.

"साहेब, काय घेणार?"

मी डोळे न उघडता समोरचं टेबल पाडण्यासाठी हात पुढे केला आणि म्हणालो, "जैन."