सात्त्विक मांजर

आमच्या सोसायटीतल्या काकूंनी मनीला 'नैसर्गिक आहार' सुरू केलाय. दूधभात, वर तुपाची धार, चतुर्थीला साबुदाणा. निसर्गात मांजर कुकर कधी लावते, हे विचारायची सोय नाही. मांजर पक्की मांसाहारी. मांसातलं टॉरिन कमी पडलं की तिचं हृदय सैलावतं, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८७ सालीच दाखवलंय. मोठ्या मांजरींना बहुधा दूधही पचत नाही.

खालच्या मजल्यावरचे दादा दुसऱ्या टोकाचे. कुत्रा म्हणजे मूळचा लांडगाच, म्हणून लॅब्राडोरला कच्चं मटण. लांडगा एसी लावल्याशिवाय झोपत नाही, ते वेगळं.

मनी रोज दूधभात हुंगून गच्चीवर निघून जाते. परवा जिन्यात पारव्याची पिसं पडलेली. काकू म्हणाल्या, "कावळे फार माजलेत हो हल्ली!"