गिअरबॉक्सच्या आसपास

पुण्याहून गुहागरला जायचे रस्ते पुष्कळ. आम्ही उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचे ठरवले. कारण आतोबांना कोयनेचे धरण पाहायचे होते, आत्याला साताऱ्याचे कंदी पेढे घ्यायचे होते आणि मेहुण्याला 'ऑटोमॅटिक गाडी घाटात काय करते' ते बघायचे होते. गाडीने मात्र घाटाची वाट पाहिली नाही. खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला, जरा वेग घेतला आणि पुढच्या दोन सीटांच्या मधून, गिअरच्या दांड्याच्या बुडातून, तिला कंठ फुटला.

आवाज कोणता, यावर कापूरहोळपर्यंत एकमत झाले नाही. बायको म्हणाली, "खरखर." मेहुणा म्हणाला, "खरखर नाही ताई, कटकट. कटकट म्हणजे गिअरचे दात." आत्याला किर्रर्र ऐकू येत होते. आतोबांचे श्रवणयंत्र डिकीतल्या बॅगेत होते. ते म्हणाले, "मला काहीच ऐकू येत नाही, त्या अर्थी फारच बारीक आवाज असला पाहिजे."

आतोबा निवृत्त इंजिनिअर. स्थापत्य शाखेचे, पण घरातल्या मिक्सरपासून मंगळयानापर्यंत कशावरही मत देताना ही शाखा त्यांना कधी आडवी आलेली नाही.

शिरवळला चहाला थांबलो. गाडीखाली पाण्याचे थारोळे दिसले आणि मेहुण्याने जाहीर केले, "संपलं! ऑइल गळतंय, भाऊजी." शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ चहा बशीत तसाच ठेवून उठले. "ऑटोमॅटिक ना? गिअरबॉक्स गेला. दीड लाख धरून चाला." आपल्या शब्दाने दुसऱ्याचे दीड लाख गेल्याचा आनंद माणसाच्या चेहऱ्यावर किती निर्मळ दिसतो, ते मी तिथे पाहिले. आत्याने मात्र वाकून थारोळ्यात बोट बुडवले, वास घेतला, बोट पदराला पुसले आणि म्हणाली, "पाणी आहे. तुमच्या एसीचं." आत्या बरोबर होती. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल बहुधा लाल असते आणि बोटाला बुळबुळीत लागते, इंजिनाचे वापरलेले तेल काळपट असते. ना रंग, ना वास, ना ओशटपणा, तर तो थंड हवेचा घाम.

साताऱ्यात पेढे घेऊन होईपर्यंत मी एका सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडचा तरुण अत्यंत नम्र होता.

"सर, गाडी चालवू नका. टो करून आणा. ट्रान्समिशन असेंब्ली बदलावी लागेल."

"अहो, तुम्ही आवाज तर ऐकला नाही अजून!"

"सर, ऐकायला गाडी इथे लागेल ना. म्हणून तर टो करा."

साताऱ्यापासून उंब्रजपर्यंत आवाज अजिबात आला नाही. आला असेल, पण आतोबांचे व्याख्यान त्याच्या वर होते. फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०५ साली टॉर्क कन्व्हर्टरचे पेटंट घेतले, तेही मोटारीसाठी नव्हे, जहाजासाठी. पुढे अमेरिकेत ओल्ड्समोबाइलच्या १९४० च्या मॉडेलला हायड्रामॅटिक गिअरबॉक्स बसला आणि महायुद्धात तोच रणगाड्यांतही गेला. मग खुद्द टॉर्क कन्व्हर्टर: एक पंखा इंजिनाला जोडलेला, समोरचा पंखा गिअरबॉक्सला, आणि दोघांमध्ये फक्त तेल. हा पंखा तेल ढकलतो, ते तेल तो पंखा फिरवते.

"म्हणजे इंजिन आणि चाकांमध्ये नुसतं तेलच?" आत्याने विचारले.

"सुरुवातीला तेलच. वेग आला की आतला क्लच दोघांना घट्ट धरतो."

"आमच्या लग्नात असा क्लच कुणी बसवला नाही," आत्या म्हणाली आणि तिने पेढ्यांचा पुडा सोडला.

मेहुण्याच्या हातात एव्हाना मोबाइल होता. ब्रेक आणि रेस एकदम दाबून 'स्टॉल टेस्ट' करायची, असे एका व्हिडिओत त्याला दिसले होते. ही परीक्षा गिअरबॉक्सचीच खरी, पण काही सेकंद जास्त ताणली तर तेल भाजून निघते आणि परीक्षार्थीच खलास होतो. बायकोने भावाचा मोबाइल पर्समध्ये टाकला. दुरुस्तीच्या कामी ते त्या दिवसाचे पहिले ठोस पाऊल.

मल्हारपेठेत रस्त्याकडेला एक गॅरेज दिसले. मिस्त्री ट्रॅक्टरच्या पोटाखाली होते. बाहेर आले, हात पुसले. आम्ही पाचही जण एकदम खरखर, कटकट, किर्रर्र करू लागलो. आतोबांनी न ऐकलेल्या आवाजाचीही नक्कल करून दाखवली. मिस्त्रींनी शांतपणे सगळा वाद्यवृंद ऐकून घेतला.

"आवाज कसला येतो ते ऱ्हाऊ द्या पावणं. कवा येतो ते सांगा."

आम्ही गप्प.

"गाडी हुबी आसताना येतो का चालताना? गार आसताना का तापल्यावर? वळताना टकटक करती का? गाडीच्या पळण्यासंगं वाढतो, का इंजिनाच्या रेससंगं?"

इतक्या तासांत हे कुणी पाहिलेच नव्हते. मिस्त्री स्वतः बसले. गिअर P वर, हँडब्रेक ओढलेला, आणि हलकेच रेस. काटा दोन हजारांच्या आसपास येताच उभी गाडी खडखडली. काटा पुढे सरकला, आवाज बंद. N वर तेच, ब्रेक दाबून D वर तेच.

"चाकं सुटली," मिस्त्री म्हणाले. मेहुण्याने घाबरून चारही चाके मोजली. मिस्त्रींना म्हणायचे होते, संशयातून सुटली. चाक जागचे हलले नाही आणि आवाज आला. म्हणजे बेअरिंग नाही, टायर नाही, ॲक्सलचा जॉइंट नाही. पण गिअरबॉक्सचा पंप आणि टॉर्क कन्व्हर्टर इंजिनासंगे P वरही फिरतातच. त्यांची सुटका व्हायची होती. मिस्त्रींनी बॉनेट उघडले, लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक गिअरबॉक्सच्या अंगाला लावले आणि मूठ कानाला. रेस द्यायला मला बसवले. डॉक्टरांसमोर श्वास रोखतात तसा सगळ्यांनी रोखला.

"ह्यो ठणठणीत हाय."

"पण आवाज तर गिअरच्या दांड्याखालून येतो!" मेहुणा म्हणाला.

"दांड्याखाली गिअरबॉक्स कुठला? त्यो हितं फुडं, इंजिनाला चिकटून. दांड्याखाली नुसती केबल आन् तिच्याखाली सायलेन्सरचा पाइप."

आतोबांचा चेहरा पडला. त्यांच्या सरकारी जीपमध्ये दांडा थेट गिअरबॉक्सातूनच वर यायचा आणि त्यांचे यंत्रज्ञान त्या जीपबरोबरच निवृत्त झाले होते. आजच्या बहुतेक लहान मोटारींत गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी आडवा बसतो. दांडा आपला मध्ये उभा असतो, मान मिळावा म्हणून.

गाडी खड्ड्यावर घेतली. पाइपाची धग वर जाऊ नये म्हणून एक पातळ पत्रा बसवलेला असतो, हीट शील्ड. त्याचा बोल्ट गंजून तुटला होता. इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांना पत्रा थरथरायचा, फेऱ्या वाढल्या की गप्प. मिस्त्रींनी लाकडी दांडक्याने तो दाबून धरला, आवाज बंद. सोडला, सुरू. पाइप निवल्यावर त्यांनी मोठी होज क्लिप भोवती आवळली. शंभर रुपये. दीड लाखातून शंभर वजा जाता उरलेल्या रकमेत काय काय येईल, याचा हिशेब बायकोने पाटणपर्यंत मांडला.

निघताना मिस्त्रींनी फुकट सल्ला दिला: घाट उतरताना N वर टाकायचे नाही, गिअर खालचा धरायचा, म्हणजे इंजिनच गाडी आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. तसेच उतरलो. त्याआधी १०३ मीटर उंचीचे कोयनेचे धरण आतोबांनी डोळे भरून पाहिले. तो विषय त्यांच्या शाखेचा असल्याने तिथे मात्र ते अवाक्षर बोलले नाहीत.

तेव्हा वाचकहो, गाडी बोलू लागली तर मिस्त्रीपुढे नकला करू नका. उभी असताना बोलते की चालताना, गार असताना की तापल्यावर, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर की चाकांच्या वेगाबरोबर, एवढे चिठ्ठीवर लिहून न्या. आणि गाडीखाली लाल तेल दिसले, तर चिठ्ठीही लिहीत बसू नका. इंजिन बंद करा आणि खुशाल टो करून न्या.