कुर्डुवाडीचे दोन 'व'

कुर्डुवाडी जंक्शनचा रेल्वेतला कोड आहे केडब्ल्यूव्ही. गावाच्या नावात 'व' एकच, पण तो इंग्रजीत डब्ल्यूने लिहायचा की व्हीने, यावर काही एकमत नाही; दोन्ही स्पेलिंगं गावात सुखाने नांदतात. कोड ठरवणाऱ्या साहेबाला या भांडणाची आधीच कुणकुण लागली असावी आणि त्याने दोन्ही पक्षांना एकेक जागा देऊन टाकली असावी. म्हणजे नावात एकदाच येणारा 'व' कोडमध्ये दोनदा, आणि दोनदा येणारा 'ड' एकदाही नाही! प्रतिनिधित्वाचा असा न्याय वॉर्डरचनेतसुद्धा सापडायचा नाही.

जंक्शनच्या गावाला वाट बघण्याची कला उपजतच असते. एक गाडी सोडायची आणि दुसरी येईपर्यंत बाकावर टेकायचं. वर्तमानपत्र वाचून संपतं, चहा होतो, शेजाऱ्याच्या जावयापर्यंतची चौकशी आटोपते, तरी सिग्नल लालच. अशा वेळेसाठी एक फुकटचा खेळ आहे. स्टेशनच्या कोडमधली अक्षरं घ्यायची आणि ती सगळी ज्यात येतात असा इंग्रजी शब्द शोधायचा. सोवळ्यात खेळायचं तर अक्षरं त्याच क्रमाने यायला हवीत, मधे बाकीची कितीही घुसोत. ओवळ्याला क्रम माफ.

मराठीत हा खेळ तितका रंगत नाही. आपलं अक्षर काना, मात्रा, वेलांटी असा संसार थाटून बसलेलं. ते सुटं करायचं म्हणजे घर मोडल्यासारखं होतं. भेंड्यांमध्येसुद्धा आपण शेवटचं अक्षर तेवढं अलगद उचलतो. इंग्रजी अक्षरं पडली सडीफटिंग. वळकटी उचलली की निघाली, कुठल्याही शब्दात मुक्कामाला तयार.

सुरुवात बार्शीपासून करणं भाग आहे, कारण कुर्डुवाडी स्टेशनचं जुनं नावच बार्शी रोड. 1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची गाडी इथून बार्शीला धावू लागली, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून. बार्शी टाउनचा कोड बीटीडब्ल्यू. हल्लीची पोरं मोबाइलवर 'बाय द वे' म्हणून हीच तीन अक्षरं टाकतात, ते सोडून द्या. सोवळ्यातला शब्द आहे 'बिटवीन'. नकाशा काढून बघा: बार्शी कुर्डुवाडी आणि लातूर यांच्या मधेच!

लातूरपर्यंत ही लाइन पोचली 1911 मध्ये. कोड एलयूआर, शब्द 'लेक्चरर'. 'लातूर पॅटर्न' जन्माला यायच्या कितीतरी आधी रुळांना पुढचं कळलं होतं म्हणायचं. त्याच अक्षरांत 'ल्युअर', म्हणजे आमिष, हाही शब्द बसतो. तो आपण क्लासेसच्या फलकांसाठी ठेवू.

पंढरपूरची शाखा त्याआधीची, 1906 ची. पंढरपूर म्हणजे पीव्हीआर. शहरातली भाची ही अक्षरं ऐकून विचारते, 'मामा, कुठला पिक्चर?' आता तिला काय सांगायचं, की तिथे युगानुयुगं एकच लागलाय आणि रांग अजून हटत नाही? पण या तीन अक्षरांनी खेळात मला गप्प केलं. पहिला शब्द सापडला 'प्रोव्हायडर'. व्वा, म्हटलं, विठोबाला याहून चोख इंग्रजी पदवी कुठली? दुसरा शब्द निघाला 'पॉव्हर्टी'. पी, व्ही, आर, अगदी त्याच क्रमाने. देणारा आणि ज्याला हवंय तो, दोघं एकाच तिकिटावर. वारकऱ्याला यात काही नवल वाटणार नाही; वाटलं ते मलाच.

मिरज 1927 मध्ये जोडलं गेलं. एमआरजे. इथे जरा ओवळं व्हावं लागतं, मग 'मेजर' मिळतो. तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या गावाच्या पदरात सूर पडला तो विलायती सप्तकातला!

बार्शी लाइटचे ते अरुंद रूळ आता गेले, सगळीकडे ब्रॉडगेज झालं. कोड मात्र टिकून आहेत.

मुख्य लाइनीवरही माल आहे. सोलापूर एसयूआर, त्यात 'शुगर' सरळ बसते. ऊस आणि कारखाने यांच्या या जिल्ह्याला दुसरा शब्द शोभलाच नसता. दौंड डीडी, त्यात 'डिलेड' चपखल बसतो. त्यावर मी काही बोलत नाही, मला याच मार्गाने घरी जायचंय. केम मात्र लाडकं. कोड केईएम. मुंबईकराला यातून हॉस्पिटल आठवेल, आमच्याकडे आठवतं ते केमचं कुंकू. आणि या तीन अक्षरांतून ओवळ्यात निघतो 'मेकअप'!

उरलं आमचं केडब्ल्यूव्ही. तीन आडदांड व्यंजनं, स्वराचा ओलावा नाही. क्रमाने शब्द मिळेना. क्रम सोडल्यावर 'वेव्हलाइक' आला. लाटांसारखं! माढा तालुक्यात लाटा बघायच्या तर उजनीवर जावं लागतं, तेही धरणात पाणी असलं तर. मग एकदम सुचला 'ओव्हरवर्क': ओ, व्ही, ई, आर, डब्ल्यू, ओ, आर, के. तिन्ही अक्षरं क्रमानेच आलीत, पण उलट्या. रेल्वेच्या वर्कशॉपात उभी हयात घालवून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांना मोठ्या कौतुकाने हे सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे की. ओव्हरवर्क इकडनं, ओव्हरटाइमचे पैसे तिकडनं. गाठ पडायची नाही."

माढ्याला मात्र या खेळात कुणी घेत नाही. कोड एमए. एवढ्या दोन अक्षरांचे शब्द म्हणाल तितके, शोधायचं काय त्यात? काका म्हणतात, नुसत्या एमएला कुठंच कुणी घेत नाही, सोबत बीएड तरी लागतं.