हद्दीचे आबा

कोकणात गडगा पडतो तो पहिल्या मोठ्या पावसात आणि तो कोणाचा हा प्रश्न पडतो दुसऱ्या दिवशी सकाळी. उभा असेपर्यंत तो दोन्ही घरांचा असतो, म्हणजे दोन्ही घरांच्या गोधड्या त्यावर वाळतात. पडला की मात्र शेजाऱ्याचा होतो. मग दोन्हीकडून एकाच माणसाला बोलावणं जातं. असा माणूस प्रत्येक वाडीत असतो. आपण त्याला आबा म्हणू.

आबा थेट गडग्याकडे जात नाहीत. आधी एका ओटीवर चहा, मग दुसऱ्या ओटीवर चहा. निःपक्षपातीपणा म्हणून दोन्हीकडे चहा सारखाच आणि तक्रारही सारखीच, "साखर जरा कमी पडली हो वहिनी." मग पडलेल्या चिऱ्यांपाशी उभे राहतात, चिऱ्यांकडे बघत नाहीत, वर बघतात आणि म्हणतात, "इथे एक आंबा होता."

याला कोणी हरकत घेऊ शकत नाही. कोकणात कुठेही बोट दाखवा, तिथे कधीतरी आंबा होताच.

मालकी ठरवण्याच्या आबांच्या कसोट्या पक्क्या आहेत, फक्त त्या घरागणिक बदलतात. गडग्याची सफाईदार बाजू पूर्वेच्या घराकडे असेल तर पूर्वेच्या ओटीवर ते सांगतात, "स्वतःच्या डोळ्यांपुढे कोण ओबडधोबड ठेवील? म्हणजे तुमचाच." पश्चिमेच्या ओटीवर तीच बाजू वेगळी साक्ष देते, "खानदानी माणूस चांगली बाजू लोकांना दाखवतो. तुमच्या आजोबांचं कामच तसं." गडग्याऐवजी वई असेल तर सुंभाची गाठ कोणत्या बाजूने मारली आहे ते पाहतात. बांधणारा उभा राहील तिकडेच गाठ येणार, हा त्यांचा सिद्धान्त. तो खोटा म्हणता येत नाही. पण बांधणारा गडी एकच असतो आणि तो दोन्ही घरी कामाला असतो.

वईचं प्रकरण खरं तर गडग्यापेक्षा अवघड. पांगाऱ्याचे, शेवग्याचे, मोगली एरंडाचे खुंट रोवतात ते मेलेले राहत नाहीत. पाऊस लागला की फुटतात, जाड होतात, उजेड असेल तिकडे कलतात. हद्द झाडांच्या हवाली केली की ती त्यांच्या सोयीने चालू लागते. शेवग्याला शेंगा लागल्या की खुंट कोणी रोवला हे दोघांनाही लख्ख आठवतं. सुरवंट लागले की दोघंही विसरतात.

शेवटी मुंबईहून आलेला पुतण्या मोजणीचा अर्ज करतो. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, तारीख मिळते ती त्याची रजा संपल्यानंतरची, आणि भूकरमापक येतो तेव्हा आबा आधीच जागेवर असतात. एके काळी मोजणी साखळीने होई. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, असे चाळीस म्हणजे एकर. आबांच्या मते तेव्हा जमीन मापात राहायची. आता रोव्हर नावाची काठी उभी करतात आणि ती उपग्रहांशी बोलते. आबांचं त्यावर एकच म्हणणं, "उपग्रहाला फणसाचा शेंडा दिसतो रे बाळा, बुंधा नाही."

काठीचं बोलणं संपतं, खुणा होतात, पुढे 'क' प्रत हातात येते. नकाशावर हद्दीची रेघ स्वच्छ असते. अडचण एवढीच की रेघेला जाडी नसते आणि गडग्याला दीड हात असते. रेघ नेमकी गडग्याच्या पोटातून जाते. जमीन कुठे संपते ते सरकारने सांगितलं, पण चिरे कोणी आणले आणि मजुरी कोणी दिली, ते कुठल्याच नकाशात नसतं. म्हणजे पुन्हा आबा. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी असते, तिच्यावर सुपर निमताना, हे पुतण्याला आबाच समजावून देतात, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर पंगतीत दुसऱ्यांदा श्रीखंड आल्यासारखा आनंद असतो.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने हद्दीच्या खुणा सांभाळायची जबाबदारी जमीनधारकावर टाकली आहे. जमीनधारकांनी ती मनावर घेतली. बऱ्याच घरांत हद्दीचा दगड इतका सांभाळलाय की तो न्हाणीघरात आहे आणि त्यावर धुणं धुतात.

जुन्या लोकांना हे माहीत असावं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हद्दीवर कोंडा, राख, खापऱ्या, कोळसे अशा वस्तू पुरून ठेवायला सांगितल्या आहेत. वरची खूण हलवता येते, पुरलेला कोळसा कोण हलवणार! दोन गावांच्या हद्दीचा वाद ज्येष्ठात मिटवावा, तेव्हा खुणा नीट दिसतात, असंही तिथे आहे. आणि साक्षीदाराने गळ्यात माळ घालून, लाल वस्त्र नेसून, डोक्यावर माती घेऊन हद्द सांगायची. लाल वस्त्र आणि माळ आबांनी हौसेने घातली असती. माती घेतली नसती. टोपी पांढरी आहे.

आता कोणी म्हणेल, हा माणूस भांडणं लावतो. मला तसं वाटत नाही. दोन घरं कोर्टात गेली तर तारखा पडतात, आबांकडे गेली तर चहा होतो. आजवर त्यांनी एकही निकाल दिलेला नाही, पण त्यांचं ऐकून ऐकून दोन्हीकडची माणसं इतकी दमतात की गणपतीच्या आत अर्धे अर्धे पैसे घालून गडगा उभा करतात. मग आबा येऊन एक चिरा हाताने चाचपतात आणि म्हणतात, "चार बोटं इकडे सरकलाय." कुठे ते सांगत नाहीत.

आबांच्या स्वतःच्या परड्याला गडगा नाही, वई नाही, काही नाही. शेजारची गाय रोज सकाळी येते आणि केळीची रोपं खाऊन जाते. एकदा मी विचारलं, "आबा, तुम्ही कुंपण का नाही घालत?"

"कशाला?" आबा म्हणाले. "गाय कोणाची, याबद्दल आमच्यात वाद नाही."