नेमाची रील

आमच्या घराला नेमाची परंपरा आहे. आजीचा नेम पोथीचा, वडिलांचा पहाटेच्या फेरफटक्याचा आणि चिरंजीवांचा रोज एका रीलचा. त्याने वहीत आठवडा आखलाय: सोमवारी प्रेरणा, मंगळवारी मिसळ, बुधवारी सातत्याचं महत्त्व. गुरुवारी विषय संपले, तेव्हा ‘आज काही सुचत नाही’ हाच विषय झाला. लाइक आले सतरा. त्यातले चार घरचेच, एक त्याचा स्वतःचा.

अल्गोरिदम हा कडक देव. एक दिवस नैवेद्य चुकला की कोपतो म्हणे. स्टोरी तर २४ तासांत विरते. रांगोळीसारखी रोज नवी काढायची. रांगोळीच्या निमित्ताने निदान अंगण तरी झाडलं जातं.

१८८१ मध्ये सुरू झालेला ‘केसरी’ आठवड्यातून एकदाच निघायचा. तरी १८९७ मध्ये त्यातल्या मजकुरावरून सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. चिरंजीवांच्या रोजच्या रीलने आजवर फक्त खालच्या मजल्यावरच्या काकूंची दुपारची झोप मोडली आहे.

तेव्हा मंडळी, पोस्ट रोज टाका, हरकत नाही. आठवड्यातून एकदा काही सांगण्यासारखं असलं, तर उपकार होतील.