बोट पाण्यात उतरवून दाखवा

मे महिना उजाडला की जिल्ह्याच्या ठिकाणी मान्सूनपूर्व आढावा बैठक भरते. एकेका खात्याचा अधिकारी उठतो. पाटबंधारे: तयारी पूर्ण. महावितरण: पूर्ण. आरोग्य: औषधांचा साठा पुरेसा. बांधकाम: पुलांची पाहणी झाली. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘यंत्रणा सज्ज’ असा मथळा येतो आणि आपण पान उलटतो.

हे तपासलं कुणी? ज्या खात्याने तयारी करायची, त्यानेच ती झाल्याचं सांगायचं आणि समोरच्यांनी ऐकून घ्यायचं, एवढाच जर आढावा असेल, तर तो पावसाच्या पहिल्या तडाख्यात वाहून जाणार. दरवर्षी जातोही.

सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ आठवा. पलूस तालुक्यात, कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं गाव. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने धोक्याची ४५ फुटांची पातळी कधीच ओलांडली होती आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळची माणसं ग्रामपंचायतीच्या बोटीतून बाहेर पडत होती. बोटीत मावतील त्याहून जास्त माणसं बसली. बोट उलटली. सतराजण गेले, त्यांत बायका आणि लहान मुलं जास्त. गावच संगमावरून ओळखलं जातं. तिथे पूर येणार, हे कुणी नव्याने सांगायची गरज नव्हती. मग या बोटीत किती माणसं बसवायची, हे तिच्यावर रंगाने लिहिलेलं असायला नको होतं? माणसागणिक लाइफ जॅकेट नको? मे महिन्यात कुणीतरी तहसीलदार किंवा जिल्हा परिषदेचा सदस्य नदीकाठी उभा राहून ‘ही बोट उतरवा, वीस माणसं बसवा, पलीकडे जाऊन या’ असं म्हणायला नको होतं?

मी एका तालुक्याच्या ठिकाणी बोटींचा साठा पाहायला गेलो होतो. नोंदवहीत सगळं ठीक होतं. गोदामात रबरी बोट घडी घालून ठेवलेली, घडीच्या रेषेवर रबर तडकलेलं. इंजिन होतं, पण ते शेवटचं कधी चालू केलं, हे कुणालाच सांगता आलं नाही. लाइफ जॅकेटांचे बंद सगळे मोठ्या माणसाच्या मापाचे. लहान मुलाचं एकही नव्हतं. गोदामाची किल्ली ज्याच्याकडे, तो कर्मचारी तीस किलोमीटरवर राहायचा. पूर आल्यावर तो किल्ली घेऊन येणार कुठून? तिथल्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांना हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. ऑडिटला येणारा नग मोजतो, आणि नग बरोबर होते.

पाहणी झाली म्हणजे नेमकं काय झालं, हेही एकदा विचारायला हवं. महाडजवळचा सावित्रीवरचा पूल १९२८ सालचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी बस आणि इतर गाड्या गेल्या. सुमारे चाळीस माणसं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता, असं नंतर सरकारनेच सांगितलं. मेमध्ये योग्य, ऑगस्टमध्ये नाही. मग पाहणारा नक्की काय पाहून आला? पाण्याखालचा पाया पाहिला की वरचा कठडा?

नऊ वर्षांनी मावळात, इंद्रायणीवरच्या कुंडमळ्याला, उलट झालं. तिथला लोखंडी पूल धोकादायक आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तसा फलकही लावलेला होता. नव्या पुलाला मंजुरीही मिळाली होती. १५ जून २०२५ चा रविवार, पावसात फिरायला आलेली गर्दी, सगळी पुलावर. पूल कोसळला, चारजण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. फलक लावला की आपलं काम संपलं, ही समजूत आपल्याकडच्या कार्यालयांत फार खोल रुजलेली आहे. पडक्या इमारतीला नोटीस चिकटवली, काम संपलं. धबधब्यावर ‘सावधान’ लिहिलं, काम संपलं. रविवारी तिथे गर्दी होते हे माहीत असताना पुलाच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब रोवून रस्ता बंद करणं, हे मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

आणि लोक सांगतात तेव्हा? चिपळूण तालुक्यातल्या तिवरे धरणाला गळती आहे, अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्री धरण फुटलं आणि वीसहून जास्त माणसं गेली. संबंधित खात्याच्या तेव्हाच्या मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला. त्या विधानावर महाराष्ट्र खूप हसला, आणि माझ्या मते तिथेच चुकला. हसण्यात मूळ प्रश्न बुडाला. गळतीच्या तक्रारीचा कागद कोणत्या टेबलावर किती दिवस होता? तो वाचून धरणावर कोण गेलं, आणि काय लिहून परत आलं? धरणाखाली ज्यांची घरं होती, त्यांना ते उत्तर दाखवलं होतं का?

दरडप्रवण गावांच्या यादीचा प्रश्न याहून कठीण आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं. १५१ माणसं. बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या चालकाकडून. नेहमीच्या फेरीला बस घेऊन तो आला आणि गावच जागेवर दिसेना. त्यानंतर दरडप्रवण गावांच्या याद्या झाल्या, सर्वेक्षणं झाली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये गेलं, ऐंशीच्या वर माणसं. पुन्हा याद्या झाल्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारने विधिमंडळात सांगितलं.

यादीत नव्हती, हे कारण म्हणून सांगितलं गेलं. मला तो कबुलीजबाब वाटतो. इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वाडी, वर जायला रस्ता नाही, चढायला तासाच्या वर पायपीट. जेसीबी वर नेता आला नाही, म्हणून माणसांनी पावसात, चिखलात, कुदळी-फावड्यांनी ढिगारा उपसला. रस्ता नाही हे तलाठ्याला ठाऊक होतं, ग्रामसेवकाला ठाऊक होतं, मत मागायला चढून गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. भूगर्भशास्त्रज्ञाची यादी उतार मोजते, माती पाहते; ते काम हवंच. पण ‘इथे काही झालं तर मदत किती तासांनी पोचेल?’ हा प्रश्न विचारायला भूगर्भशास्त्र लागत नाही. तो ज्या वाड्यांना लावायचा, त्यांची यादी प्रत्येक पंचायत समिती एका दिवसात करू शकते. ज्या वाडीचं उत्तर दोन तासांच्या वर येईल, तिथल्या माणसांना मोठ्या पावसाचा इशारा मिळताच खाली आणून शाळेत ठेवायचं. त्या शाळेत संडास आहे का, चूल पेटेल का, म्हाताऱ्या माणसाला टेकायला सतरंजी आहे का, हे आधी बघायचं. आणि जनावरांचं काय, हेही. गुरं-शेळ्या वर सोडून माणसं खाली येत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

कायदा नाही म्हणावं, तर तोही आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा. जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आणि स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी सहअध्यक्ष, असं त्यात लिहिलं आहे. जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा, असंही लिहिलं आहे. स्थानिक संस्थेने आपली माणसं प्रशिक्षित ठेवायची आणि साधनसामग्री कोणत्याही क्षणी वापरता येईल अशी ठेवायची, हेही. ती सहअध्यक्षाची खुर्ची कायदा करणाऱ्यांनी शोभेसाठी ठेवली नव्हती. बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याला जिल्ह्याचा ओढा-नाला माहीत नसतो, म्हणून शेजारी तिथलाच माणूस बसवला. आणि २०२२ पासून आपण काय केलं? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. राज्यातल्या बऱ्याचशा जिल्हा परिषदा आणि पालिका याच काळात प्रशासकांच्या हाती होत्या. इर्शाळवाडी याच काळातली. निवडून आलेला माणूस असता तर दरड थांबली असती, असं मी म्हणत नाही. पण सभागृहात उभं राहून ‘ती वाडी यादीत का नाही?’ असं विचारायचा अधिकार ज्याला असतो, ती जागाच आपण रिकामी ठेवली होती.

मुंबईत नालेसफाईची मुदत ३१ मे. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच शहरात दाखल झाला आणि त्याच दिवशी वरळीच्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. त्याच महिन्यात मिठी नदीच्या गाळ-उपशात सुमारे ६५ कोटींचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून पोलिसांत गुन्हा दाखल झाला. खरंखोटं न्यायालय ठरवेल. पण गाळ किती काढला आणि कुठे टाकला, हे प्रभागातल्या नागरिकांसमोर ट्रकगणिक मांडलं असतं, तर पोलिसांकडे जायची वेळच कशाला आली असती? आणि १३ मे २०२४ ला कोसळलेलं घाटकोपरचं होर्डिंग. पालिकेची मर्यादा चाळीस बाय चाळीस फुटांची, उभं होतं एकशेवीस बाय एकशेवीस. सतरा माणसं गेली, आणि पहिला वाद झाला तो जागा कुणाच्या हद्दीत येते याचा. वाऱ्याला हद्द कळत नाही. जी वस्तू पडली तर माणसं मरतील, तिच्यावर कारवाई करायला हद्दीचा दगड शोधत बसू नका, हे एका ओळीचं परिपत्रक काढायला आपल्याला कोणी अडवलं होतं?

सप्टेंबर २०२५ ने तर सगळा हिशेबच बदलून टाकला. सीना, मांजरा या नद्यांच्या काठी टँकरची वाट बघण्यात ज्यांची आयुष्यं गेली, ती माणसं घरांच्या छपरांवर अडकली. सोलापूर, धाराशिव, बीडकडे हेलिकॉप्टरं, जवान आणि बोटी पाठवाव्या लागल्या. दुष्काळी जिल्हा म्हणून तिथे पुराची तयारी नाही, हे उत्तर आता चालणार नाही. ऑक्टोबरमध्ये सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. शेतकऱ्याला पैसा मिळायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण खरडून गेलेली जमीन कितीही पैसे दिले तरी एका हंगामात तयार होत नाही, आणि पुराआधी प्रत्येक मंडळात एक चालती बोट आणि ती चालवणारी चार पोरं तयार ठेवण्याचा खर्च या आकड्याच्या शेजारी दिसणारसुद्धा नाही.

होत नाही असं नाही. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१९ ला फनी वादळ आलं, तेव्हा त्याच राज्याने सुमारे बारा लाख माणसं किनाऱ्यावरून हलवली आणि बळींचा आकडा शंभराच्या आत राहिला. मधल्या वीस वर्षांत निवारे बांधले, ते चालवायला गावोगाव समित्या नेमल्या, आणि दरवर्षी तालमी घेतल्या. वादळ नसताना माणसं चालत निवाऱ्यापर्यंत जाऊन आली, म्हणून वादळात त्यांना वाट सापडली.

आपल्याकडे चिपळूण आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथे एसटीचा आगारप्रमुख आगाराची सुमारे नऊ लाखांची रोकड सांभाळत बुडालेल्या बसच्या टपावर कित्येक तास बसून राहिला. एवढी जबाबदारी पार पाडणारी माणसं सरकारी नोकरीत आहेत, हे मी मुद्दाम सांगतो. पण त्यांना टपावर बसायची वेळ आणणारी व्यवस्था कुणी जाब विचारल्याशिवाय सुधारत नाही. चिपळूणकरांनी तो विचारला. पूर ओसरल्यावर मदत घेऊन ते गप्प बसले नाहीत. वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा, म्हणून हिवाळ्यात साखळी उपोषणाला बसले, दुकानदार, वकील, शिक्षक सगळे. गाळ-उपसा सुरू झाला तो या रेट्यामुळे. निळ्या-लाल पूररेषा कुठून जातात, हे तिथला किराणा दुकानदारसुद्धा आज नकाशावर बोट ठेवून सांगतो. प्रशासनावर देखरेख म्हणतात ती हीच. त्यासाठी समिती नेमली जायची वाट बघायची नसते.

म्हणून ज्यांना कुणाला काही करायचं असेल त्यांच्यासाठी: १ मेला महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा असते, पावसाच्या बरोबर आधी. तिथे जा. गावचा आपत्ती आराखडा मागा आणि त्यातले फोन नंबर तिथल्या तिथे लावून बघा. बदली झालेल्यांचे किती निघतात ते मोजा. बोट असेल तर ती कधी पाण्यात उतरवणार, ती तारीख विचारा, आणि त्या दिवशी घरातल्या एकाने तरी नदीवर जा. भोंगा असेल तर वाजवून दाखवायला सांगा, शेवटच्या वाडीत ऐकू येतो का बघा, लाइट गेल्यावरही वाजतो का बघा. खाटेवरच्या माणसांना, गरोदर बायकांना कोण उचलणार, ती नावं विचारा. शहरात असाल तर हेच नव्या नगरसेवकाला विचारा, प्रभागातल्या नाल्यावर त्याला उभं करून. उत्तर तोंडी घेऊ नका. ते प्रोसिडिंगमध्ये लिहायला लावा, खाली सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही घ्या, आणि निघण्याआधी त्या पानाचा फोटो काढून घ्या.