झाशीचे नाखवा

प्रत्येक मराठी वस्तीत एक माणूस असा असतो, ज्याचं काहीतरी दुसऱ्या गावी बिघडलेलं असतं. कुणाची वाईला बोअर आटलेली असते, कुणाचा सदाशिव पेठेतला भाडेकरू खोली सोडत नसतो, कुणाच्या नागपूरच्या फ्लॅटला गळती लागलेली असते. अशा माणसाला ‘कसं काय?’ म्हणून विचारलं, तर तो तब्येतीचं सांगत नाही, तिकडचं सांगतो. स्वतःच्या मोरीतला नळ महिनाभर टपटपत असतो, त्याची त्याला दादही नसते. पान्ह्याच्या दोन फेऱ्यांत मिटणाऱ्या बिघाडात कसली आलीय गोडी!

झाशीतल्या मराठी मंडळीत हा मान नाखवाकाकांचा. काका रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झाले. उभा जन्म मालगाड्यांच्या वाघिणी दुरुस्त करण्यात गेला. खरं आडनाव रेशन कार्डावर आहे आणि ते तिथेच राहिलं. गावभर ते नाखवा, कारण त्यांच्या मालकीची एक होडी आहे. होडी रत्नागिरी जिल्ह्यात, पूर्णगडच्या खाडीत. काका झाशीत. आणि दोघांचा जीव अडकलाय एका लिफ्टमध्ये.

या लिफ्टने आजवर बरेच घोटाळे केले आहेत. दूधवाला रोज विचारतो, “काय कक्का, लिफ्ट सुधर गई?” तीन पिढ्यांच्या बैठ्या घरात काकांनी लिफ्ट कुठे बसवली, हे कोडं त्याला अजून सुटलेलं नाही. खरी गोष्ट अशी, की ही लिफ्ट पाण्यावर तरंगते. प्लॅस्टिकच्या चार मोठ्या टाक्या, बुडाशी उघड्या. त्यांच्यावर लोखंडी सांगाडा. टाक्यांत पाणी शिरू दिलं की सांगाडा खाली जातो. होडी त्याच्यावर आणायची, पंपाने टाक्यांत हवा भरायची. हवेने पाणी बुडातून बाहेर ढकललं, की सांगाडा होडीसकट वर येतो आणि होडी पाण्याबाहेर कोरडी राहते. म्हणजे राहायला हवी. काकांची ही लिफ्ट तळ्यातल्या गोड्या पाण्यासाठी बनवलेली. मुंबईकडच्या कुणा हौशी माणसाने ती विकायला काढली आणि ती घेणारा हौशी माणूस झाशीत निघाला.

“गोड्या पाण्याची लिफ्ट खाऱ्या पाण्यात कशी चालेल हो?” असं कुणी म्हटलं, की काकांना मूठभर मांस चढतं. “समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड असतं. जड पाणी जास्त उचलतं. म्हणजे लिफ्टला काम अडीच टक्क्यांनी सोपं झालं की नाही?” हिशेब चोख. समुद्राने फक्त बाकीच्या साडेसत्त्याण्णव टक्क्यांत दावा साधला. सांगाड्यावरचा जस्ताचा मुलामा खारात विरघळायला लागला. लोखंड उघडं पडलं. काकांनी तातडीने स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बसवून घेतले. बोल्ट आजही चकाकताहेत. त्यांच्याभोवतीचं लोखंड मात्र दुप्पट वेगाने खाल्लं जातंय, कारण खाऱ्या पाण्यात दोन धातू शेजारी बसले की हलका धातू झिजतो आणि उच्च धातू मिरवतो. मग जस्ताचे ठोकळे आले. समुद्राने आधी त्यांना खावं आणि लोखंडाला सोडावं, अशी त्यामागची योजना. टाक्यांवर बारीक शिंपल्यांचा थर चढतो, तो खरवडायचा. खरवडताना एका टाकीला भेग गेली. तिच्यातून हवा निसटते आणि लिफ्ट डावीकडे कलते.

आता झाशीइतकं समुद्राला पाठ करून बसलेलं गाव शोधून सापडायचं नाही. इथे समुद्राचं नाव निघतं ते स्टेशनात, समुद्रसपाटीपासूनची उंची सांगताना. तीही अडीचशे मीटरच्या वर. पावसाचंही तेच. इथलं पाणी पहुज आणि बेतवा या नद्यांतून यमुनेला, यमुनेतून गंगेला आणि तिथून बंगालच्या उपसागराला जातं. “चुकीच्या समुद्राला जातं,” काका हळहळतात. 2016च्या मे महिन्यात बुंदेलखंडातल्या दुष्काळासाठी पाण्याची गाडी म्हणून एक रेल्वे झाशीच्या यार्डात येऊन उभी राहिली आणि तिच्या टाक्या रिकाम्या निघाल्या. देशभर त्यावर राजकारण रंगलं. काकांचं मत एका वाक्यात होतं : “टाकी रिकामी असली म्हणजे वाईटच असं नाही, आत हवा असते.”

तरीही कोकणाशी झाशीचं नातं जुनं. नारो शंकर सुभेदार म्हणून आले, 1742च्या सुमाराला किल्ला वाढवायला लागले, आणि त्यांच्यामागून दक्षिणी घराणी इथे स्थिरावली. पुढे झाशी ज्यांच्याकडे आली ते नेवाळकर मूळचे लांज्याजवळच्या कोट गावचे. काकांचे पूर्वजही लांज्याकडचेच. त्यामुळे किल्ल्याजवळच्या गणेश मंदिरात, जिथे 1842 साली राणीसाहेबांचं लग्न लागलं, तिथे पाहुण्यांना देऊळ दाखवताना काका ‘आमच्या तालुक्यातली सोयरीक’ म्हणून सांगतात. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेसाठी उत्तरेत आले आणि 1858 साली झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांना संकटासाठी कोकण सोडून इतकं लांब चालावं लागलं. काकांनी ही सोय घरबसल्या करून घेतली.

घरबसल्या म्हणजे फोनवर. पूर्णगडला होडी सांभाळायला एक तांडेल ठेवलाय. काकांच्या घरी पंचांग आहे, ते काकूंना संकष्टीचा चंद्रोदय पाहायला लागतं आणि काकांना भरती. कोकणात हिशेब असा : तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. ठोकळ हिशेब, पण कोळ्यांच्या पिढ्या त्यावर निभावल्या. त्यामुळे संकष्टीच्या दिवशी काकू उपाशीपोटी चंद्राची वाट पाहत असतात आणि त्याच रात्री तीन वाजता काका उठून तांडेलाला फोन लावतात. भरती दिवसाही तीनला येऊन गेलेली असते, हे काकूंनी अनेकदा दाखवून दिलं. “दिवसाच्या भरतीवर तो लक्ष ठेवतो. रात्रीच्या भरतीला वाली कोण?” यावर काकू कूस बदलतात.

फोन कुठल्याही तिथीचा असो, ठराविक वळणाने जातो.

“काय रे, किती कलली?”

“चार बोटं हाय काका. डावीकडं.”

“काल तीन होती.”

“काल भांग व्हता, बारकी भरती. आता उधान येतंय नव्हं.”

“मागच्या टाकीची झडप बघितलीस?”

“बगितली. तुमी जपा तब्बेतीला.”

काका वहीत ‘डावीकडे 4 बोटे’ अशी नोंद करतात. बोटं तांडेलाची आहेत, म्हणून एका भेटीत त्याच्या बोटांची रुंदी व्हर्नियरवर मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. रेल्वेतली शिस्त.

सुटे भाग मात्र झाशीहून जातात. एर्नाकुलमची मंगला एक्स्प्रेस झाशी घेते आणि रत्नागिरीही घेते, हा काकांच्या मते कोकण रेल्वेने त्यांच्यावर केलेला व्यक्तिगत उपकार आहे. या गाडीने कोण कधी जाणार, याची खबर त्यांना प्रवाशाच्या घरच्यांआधी लागते. माणूस डब्यात चढतो न चढतो, तोच खिडकीतून एक पिशवी आत येते. “काही नाही हो, जस्ताचे दोन ठोकळे आहेत. रत्नागिरीला माणूस येईल घ्यायला.” नव्या नवरीच्या सामानातून एकदा पंपाचा पट्टा गेला. एका वकिलांना वाटेत पिशवीत काय आहे ते सांगता येईना, तेव्हा त्यांनी ‘देवाचं’ म्हणून सांगून वेळ मारून नेली.

गेल्या मेमध्ये काकांनी गच्चीवर समुद्र केला. पारा पंचेचाळिसाच्या पुढे, गल्लीत टँकरची वाट बघणाऱ्या बादल्यांची रांग आणि वर काका कपडे भिजवायच्या टबात चाळीस लिटर पाणी ओतताहेत. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं, म्हणून काकूंची मिठाची बरणी रिकामी झाली आणि वाण्याकडून आणखी एक पुडा आला. औषधाच्या चार बाटल्या बूड कापून उभ्या बांधल्या, वर सायकलच्या तारांचा सांगाडा, त्यावर होडी म्हणून साबणाची डबी. बाटल्यांच्या बुचांतून सलाइनच्या नळ्या काढल्या होत्या आणि सायकलच्या पंपाने नातू हवा भरत होता. डबी झोकात वर आली. मग काकांनी एका बाटलीला टाचणीने भोक पाडलं.

आधी काहीच झालं नाही. मग तो कोपरा गव्हाच्या दाण्याएवढा खचला, मग बोटभर, आणि मग डबी सगळी खाली गेली. काका उकिडवे बसून टबात पाहत होते. चश्म्यावर घाम ठिबकत होता. “बघ, बघ! जी बाजू खाली जाते, तिच्यावर पाण्याचा दाब वाढतो. दाब वाढला की आतली हवा आकसते. हवा आकसली की बाजू आणखी खाली. एकदा कलायला लागली की कलतच जाते; सरकारी चौकशीत सापडलेल्या कारकुनासारखी!” नातवाने विचारलं, “आजोबा, मग भोक बुजवायचं का?” काकांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आपल्या पश्चात ही वही कुणाच्या हाती द्यावी याची त्यांना प्रथमच चिंता वाटली असावी. भोक बुजवणं हा काही अभ्यास नव्हे.

तांडेलाचं म्हणणं पहिल्यापासून साधं होतं. पावसाळ्याआधी होडी ओंडक्यांवरून ओढून किनाऱ्यावर घ्यावी, झावळ्यांनी शाकारावी आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटावी. खाडीतले सगळे तेच करतात. हंगामातही चार दिवस होडी लागणार नसेल तर वर काढून ठेवतात. खाऱ्या पाण्यात होडी ठेवली की ती झिजते, आणि लिफ्टवर ठेवली की दोन्ही झिजतात, हा त्याचा सिद्धांत. काकांना तो मुळातच चुकीचा वाटे. “होडी किनाऱ्यावरच ठेवायची, तर लिफ्ट कशाला घेतली?” या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणूनच ते तो वारंवार विचारत. होडी वाचावी म्हणून लिफ्ट घेतली, लिफ्ट वाचावी म्हणून जस्त घेतलं, जस्त पोचावं म्हणून माणसं गाडीत बसवली. होडीत बसून मासे मारल्याचं काकांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. त्यांना बोट लागते, असंही काकू एकदा म्हणाल्या होत्या.

या दिवाळीच्या फराळाला आम्ही जमलो होतो. काका वही उघडून कलण्याचा आलेख समजावत होते : पौर्णिमेच्या उधाणाला पाच बोटं, भांगाला तीन, अमावास्येच्या उधाणाला सहा. काकू चकल्या घेऊन आल्या आणि सहज बोलावं तसं म्हणाल्या, “होडी आषाढाच्या आधीच वर काढलीय त्यांनी. माडाखाली आहे, छान झाकून ठेवलीय. तांडेलाच्या बायकोने मला फोटो पाठवलाय.”

चकली मोडल्याचा आवाज ऐकू यावा, असं झालं. काकूंनी मोबाइल पुढे केला. खरंच, माडाच्या सावलीत, झावळ्यांखाली होडी कोरडी ठणठणीत बसली होती. तिच्या नाळेवर एक मांजर झोपलं होतं. मागे खाडीत रिकामी लिफ्ट, डावीकडे कललेली.

आम्ही सगळे आपापल्या ताटलीत बघायला लागलो. इतके महिने माणसाला बनवलं, आता तांडेलाची नोकरी गेली, असंच जो तो धरून चालला होता. काकांनी फोटो मोठा केला. होडी, मांजर, माड यांवरून बोट सरकवत ते लिफ्टवर आले आणि तिथे थांबले. चश्मा वर करून बराच वेळ निरखून पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे इतके दिवस लिफ्ट रिकामी आहे?”

“हो,” काकू म्हणाल्या.

“तरीच! अहो, वर भारच नाही, तर ती कलणार नाही तर काय करेल? माझ्या आलेखात हीच गोष्ट बसत नव्हती!” त्यांनी वही ओढली, नवं पान काढलं, वर ‘बिनभाराचा कल’ असा मथळा घातला. “उद्याच्या उद्या होडी पुन्हा वर चढवायला सांगतो.”

“आणि चढवल्यावरही कलली तर?”

“तर तो भाराचा कल,” काका म्हणाले आणि आमच्याकडे वळले. “तुमच्यापैकी या महिन्यात मंगलाने कोण जातंय?”